'द पोस्ट' बघून घरात वाद पेटलाय, सरकारची गुपितं छापणं बरोबर की चूक?

मृण्मयी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. रविवारी रात्री घरी सगळ्यांनी मिळून 'द पोस्ट' बघितला, स्पीलबर्गचा, २०१७ चा, मेरील स्ट्रीप आणि टॉम हँक्स आहेत तो. व्हिएतनाम युद्धावरचा अमेरिकन संरक्षण खात्याचा, म्हणजे पेंटागॉनचा, गुप्त अहवाल 'वॉशिंग्टन पोस्ट' ह्या पेपरने छापला, त्याची ती गोष्ट. लेक मास कॉमला आहे, एफवायला, तिला त्यावर लिहून द्यायचंय म्हणून लावला होता आणि सिनेमा संपायच्या आतच ती आणि माझे सासरे असे भिडले की ताटं तशीच राहिली. अण्णांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली, त्यांचं म्हणणं एकदम सरळ आहे, फायलीवर 'गोपनीय' शिक्का असेल तर ती कपाटाबाहेर जाता कामा नये, नेणारा चोर आणि छापणारा त्याचा साथीदार. लेक म्हणते आजोबा, शिक्का कशावर मारलाय ते तरी बघा, सरकार आपलंच खोटं झाकायला शिक्का मारत असेल तर? आणि मी दोघांच्या मधे.

मी स्वतः अकाउंट्सला आहे, सगळ्यांच्या पगाराच्या फायली माझ्या ड्रॉवरमधे असतात, त्यामुळे अण्णांचं मला निम्मं पटतं, खरंच पटतं. पण एक कळत नाहीये. ते पेंटागॉनचे कागद होते १९६७-६८ पर्यंतचे आणि छापले १९७१ ला. मग शिळ्या इतिहासाला एवढं घाबरायचं कारण काय? आणि 'पोस्ट'च्या मालकीणबाई, कॅथरीन ग्रॅहम, त्या फोनवर "छापा" म्हणायच्या आधी जो जीव मुठीत धरतात ते सिनेमावाल्यांनी ताणलंय की खरंच एवढं पणाला लागलेलं होतं? आणि आपल्याकडे मराठीत, शक्यतो पुण्यात, असं कोणी केलंय का? लेकीला ते लेखात घालायचंय. माहितगारांनी लिहा प्लीज.

रोहित_डेक्कन

ताई, इतिहास होता म्हणूनच तर घाबरले. मॅक्नमारा, म्हणजे त्यांचा संरक्षणमंत्री, त्यानेच १९६७ मधे हा अभ्यास करायला लावला, ४७ खंड, सात हजारच्या आसपास पानं, १९४५ पासून अमेरिका व्हिएतनाममधे कशी कशी शिरत गेली त्याचा सगळा हिशोब. आणि त्यातून दिसत काय होतं, तर ट्रुमन, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, चार चार राष्ट्राध्यक्ष लोकांना एक सांगत होते आणि बंद खोलीत दुसरंच बोलत होते. सुरुवातीचा विमानातला सीन आठवा, मॅक्नमारा आत बसून म्हणतो परिस्थिती बिघडलीय आणि खाली उतरून पत्रकारांना सांगतो प्रगती आहे. ते ऐकणारा एल्सबर्ग, ज्याने पुढे हे कागद बाहेर दिले, तो स्वतः आधी मरीन सैनिक होता, व्हिएतनाममधे जाऊन आलेला. त्या युद्धात अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन पोरं गेली आणि व्हिएतनामी किती लाख गेले त्याला तर गणतीच नाही. ज्या घरातला मुलगा गेला त्यांच्यासाठी हा शिळा इतिहास नव्हता हो.

अण्णांसाठी एक मुद्दाम सांगतो. एल्सबर्गने सगळंच उचलून दिलं असं नाही. वाटाघाटींचे जे चार खंड होते ते त्याने वर्तमानपत्रांना दिले नाहीत, चालू बोलणी बिघडू नयेत म्हणून. म्हणजे काय बाहेर जावं आणि काय जाऊ नये ह्याचा विचार त्या माणसाने केला होता. १९६९ च्या ऑक्टोबरपासून एका जाहिरात एजन्सीच्या झेरॉक्स मशीनवर रात्र रात्र कॉप्या काढत होता, पोरांनाही मदतीला नेलं होतं, तेरा वर्षांचा मुलगा मशीनवर आणि दहा वर्षांची मुलगी कात्रीने कागदावरचं 'टॉप सीक्रेट' कापतेय. त्या कापण्यात पानांचे नंबरही गेले म्हणून सिनेमात 'पोस्ट'चा संपादक ब्रॅडली, त्याच्या घरी सगळे जमिनीवर कागद पसरून पानं लावत बसतात.

माझी एक तक्रार आहे मात्र सिनेमाबद्दल. खरी मेहनत 'न्यूयॉर्क टाइम्स'ची. त्यांच्या बातमीदाराने, नील शीहानने, मार्च १९७१ मधे कागद मिळवले, हॉटेलात खोल्या घेऊन तीन महिने गुपचूप तपासले, १३ जूनला पहिला हप्ता छापला. १५ ला कोर्टाची मनाई आली. 'वॉशिंग्टन पोस्ट' १८ तारखेला उतरला. पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक टाइम्सलाच मिळालं आणि सिनेमा मात्र पोस्टवर. मला हे खटकतं आणि लेकीने हे तिच्या लेखात लिहिलंच पाहिजे.

कंपोझिटर_नारायणपेठ

रोहित, तुझं बरोबर आहे, पण दुसऱ्याने उडी मारताना पहिल्याचा पाय मोडलेला दिसत असतो. टाइम्सला कोर्टाने थांबवलेलं असताना तेच कागद छापणं ह्याला वेगळी छाती लागते.

मृण्मयीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी १९७६ पासून नारायण पेठेत एका छापखान्यात कंपोझिटर होतो. सिनेमात ते लायनोटाइप दाखवलंय ना, शिशाची अख्खी ओळ ओतून बाहेर येते, तसं आमच्याकडे नव्हतं, आमची हातजुळणी. समोर खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, केस तिरकी मांडलेली, मराठीला काना मात्रा वेलांटी जोडाक्षरं धरून घरंच घरं, डाव्या हातात खिळे लावायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि बघायचंही नाही, बोटांना घर माहीत असतं. अक्षर उलटं असतं. महिन्याभरात उलटं वाचायची सवय होते, मग सुलटं वाचायला वेळ लागतो.

आमच्याकडे एक साप्ताहिक छापायला यायचं, नाव लिहीत नाही. एकदा त्यांच्या वार्ताहराने पाण्याच्या पाइपच्या कामातल्या बिलांचं प्रकरण आणलं, बिलांच्या नकला हातात होत्या त्याच्या, कुणीतरी आतूनच दिलेल्या. दोन कॉलम मजकूर मी स्वतः जुळवला, प्रूफं वाचून झाली, फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेलं पान, मशीनवर चढला, शाई लागली. रात्री साडेदहाला मालकांचा निरोप आला की ते काढा. वार्ताहर तिथेच उभा होता, काही बोलला नाही, सायकल घेतली आणि गेला. त्या जागी पंचांग आणि एक जुनी कविता टाकली. आणि मग मी खिळे सोडायला बसलो, म्हणजे जुळवलेला मजकूर मोडून एकेक खिळा परत आपल्या घरात टाकायचा. ती बातमी पुण्यात शेवटपर्यंत वाचणारे आम्ही चारपाचच जण, मी तर ती अक्षर अक्षर उलटी वाचत मोडली. आज इतकी वर्षं झाली तरी त्यातली रक्कम मला आठवते.

म्हणून त्या बाई फोन हातात धरून उभ्या राहतात तो सीन मला अजिबात ताणलेला वाटला नाही. बातमी वार्ताहर आणतो, संपादक भांडतो, पण छापायचं की नाही हे मालकाच्या तोंडून यावं लागतं आणि मालकाला गमवायला सगळ्यात जास्त असतं. बाईंचं तर बघा, वडिलांनी १९३३ ला लिलावात घेतलेला पेपर, तो दिला जावयाच्या हाती, नवऱ्याने १९६३ ला आत्महत्या केली तेव्हा ह्यांच्यावर येऊन पडला. कंपनीचे शेअर नेमके १५ जून १९७१ ला बाजारात आले, म्हणजे टाइम्सवर मनाई आली तोच दिवस. खटला होऊन गुन्हा शाबित झाला असता तर कंपनीच्या टीव्ही स्टेशनांचे परवानेही जाऊ शकत होते. वर तो मॅक्नमारा बाईंचा घरोब्याचा मित्र. सभोवती वकील आणि सल्लागार पुरुष सांगतायत नको नको. आणि तरी म्हणाल्या, छापा.

शेवटी मशीन सुरू होतं आणि वरच्या मजल्यावर कागद मिळवून आणणाऱ्या 'पोस्ट'च्या त्या बॅगडिकियनचं टेबल थरथरतं, तिथे मला रडू आलं. छापखान्यात काम केलेल्याला ती थरथर तळपायात माहीत असते.

स्वाती_बिबवेवाडी

काका, किती सुंदर लिहिलंत, दोनदा वाचलं.

मृण्मयी, लेकीला तानुबाई बिर्जे यांच्याबद्दल शोधायला सांग. 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचं पत्र, कृष्णराव भालेकरांनी १८७७ मधे पुण्यात सुरू केलेलं. पुढे वासुदेव बिर्जे संपादक होते आणि त्यांच्या निधनानंतर तानुबाईंनी ते चालवलं, गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, ग्रॅहमबाईंच्या साठेक वर्षं आधी. नवऱ्यामागे पेपर हातात घेणारी बाई आपल्या पुण्यातच जन्मली होती आणि आपल्याला मेरील स्ट्रीप आधी आठवते ह्याचं मला वाईट वाटतं.

वकील_औंध

कायद्याबद्दल थोडं, कारण सिनेमा बघून बऱ्याच जणांचा समज होतो की कोर्टाने 'गुपितं छापायला हरकत नाही' असं सांगितलं. तसं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा ३० जून १९७१ चा निकाल, सहा विरुद्ध तीन, त्यात एवढंच ठरलं की छापायच्या आधीच तोंड दाबायचं असेल तर सरकारला फार भक्कम कारण दाखवावं लागतं आणि ते इथे दाखवता आलेलं नाही. छापल्यानंतर खटला भरायचा रस्ता बंद झाला नव्हता. एल्सबर्गवर तर भरलाच, सगळी कलमं मिळून ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. तो सुटला १९७३ च्या मे मधे आणि तेही निर्दोष म्हणून नाही, तर सरकारच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ऑफिसात घरफोडी केल्याचं वगैरे उघड झालं म्हणून न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला.

आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट अजून लागू आहे, इंग्रजांच्या वेळचा. अण्णांची बाजू तिथून येते आणि ती पोकळ नाही. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) वाचा, जनहित मोठं असेल तर हा गोपनीयतेचा कायदा असूनही माहिती देता येते असं त्यात स्पष्ट आहे. आणि राफेल विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात 'हिंदू' ह्या पेपरने सरकारी कागद छापले, सरकार म्हणालं हे बेकायदा बाहेर आलेत, कोर्टाने बघूच नयेत, तेव्हा १० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ती हरकत फेटाळली आणि त्या निकालात ह्याच पेंटागॉन पेपर्स खटल्याचा आधार घेतलाय. हे लेकीने लिहावं.

इतिहास_शनिवार

पुण्यातलं विचारलंत म्हणून सांगतो, आणि हे जरा दुसऱ्या बाजूचं आहे. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन वर्षच झालेलं, आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे, दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय, त्यांना वेडं ठरवलं जातंय आणि ह्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं सांगणारी पत्रं पुण्यात आली आणि ह्यांनी ती खरी मानून छापली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात पत्रं बनावट निघाली. माफी मागूनही दोघांना चार महिन्यांची सजा झाली, सूट मिळून १०१ दिवसांनी सुटले, आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलंय. जामिनाला कोण धावलं तर जोतिराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे, विचारांचं एवढं अंतर असताना.

मी हे टिळक-आगरकरांना कमी लेखायला लिहीत नाही. तळमळ खरी होती. पण कागद तपासले नव्हते. टाइम्सने तीन महिने घालवले ते ह्याचसाठी आणि सिनेमात तो भाग जवळजवळ नाहीच, पळापळ दाखवलीय, तपासणी नाही. मास कॉमच्या मुलांना मी तर आधी कोल्हापूर प्रकरण शिकवीन.

मृण्मयी_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी हा धागा अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला, लेक शेजारी वहीत उतरवून घेत होती. कंपोझिटर काकांचं वाचताना मीच मधे थांबले.

अण्णा मानले नाहीयेत, चोरी ती चोरीच म्हणतायत अजून, पण ते चार खंड मागे ठेवले हे त्यांना लागलंय, दोनदा विचारलं नक्की तसंच आहे ना म्हणून. आणि त्यांनी एक प्रश्न दिलाय तो तसाच टाकते. टाइम्सने तीन महिने तपासलं, मान्य. पण पोस्टवाल्यांच्या हातात तर एक दिवससुद्धा नव्हता, मग त्यांना कागद खरे आहेत हे कशावरून कळलं? त्यांचं कोल्हापूर होऊ शकलं असतं की.

इतिहास_शनिवार

अण्णांना माझा नमस्कार सांगा, नेमकं बोट ठेवलंय.

एक तर कागद निनावी आले नव्हते. बॅगडिकियन आणि एल्सबर्ग ह्यांची रँड कॉर्पोरेशन ह्या संशोधन संस्थेतली जुनी ओळख, बॅगडिकियन स्वतः जाऊन एल्सबर्गकडून घेऊन आला. कोल्हापूरच्या पत्रांमागे असा समोर उभा राहून 'हे मी दिले' म्हणणारा खात्रीचा माणूस नव्हता. आणि दुसरं, टाइम्सवर सरकार कोर्टात गेलं तेव्हा काय म्हणालं ते बघा. दिवाण बर्वे कोर्टात म्हणाले होते ही पत्रं खोटी आहेत. निक्सनचं सरकार एकदाही खोटे आहेत म्हणालं नाही, ते म्हणालं हे गुप्त आहेत, छापू नका. पोस्टने छापायच्या तीन दिवस आधी खुद्द सरकारनेच भर कोर्टात ते कागद खरे असल्याचं सांगून टाकलं होतं.