गिऱ्हाईक नसलेले प्रश्न कोण विचारणार?

रानजाई
परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "विद्यापीठांच्या संशोधनावर एवढा पैसा ओततात, त्यातून जगाचा कुठला प्रश्न सुटला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तुमचीही मतं हवी आहेत.

ज्या प्रश्नाला गिऱ्हाईक नसतं, तो विचारायची मुभा विद्यापीठातच मिळते, असं मला वाटतं. शेरवुड रोलँड आणि मारिओ मोलिना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या शाखेत एवढंच शोधत होते, की फ्रिजमधून आणि स्प्रेच्या डब्यांतून सुटणारा सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू शेवटी जातो कुठे? हा वायू जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असं सगळे धरून चालले होते. नेमका म्हणूनच तो शाबूत वर, ओझोनच्या थरापर्यंत पोचतो. तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९७४ मध्ये त्यांचा पेपर आला. उद्योगांनी कडाडून विरोध केला, पण १९८७ मध्ये सीएफसीवर बंधनं घालणारा मॉन्ट्रियल करार झालाच. सीएफसी विकणाऱ्या कंपनीने हा प्रश्न स्वतःहून विचारला असता का?

खडा_सवाल
एका उदाहरणावरून नियम काढू नका. ओझोनला पडलेलं भोक १९८५ मध्ये जगापुढे आणलं ते ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने, आणि ते काही विद्यापीठ नव्हे. सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट १९५४ मध्ये बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने दाखवला. लिथियम बॅटरीवर व्हिटिंगहॅम यांनी काम केलं एक्सॉन या तेल कंपनीत, योशिनो यांनी 'असाही कासेई' या जपानी कंपनीत, आणि १९९१ मध्ये ती बाजारात आणली सोनीने.

मी हे बाहेरून बोलत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे गाळणाऱ्या पातळ पडद्यावर, मी पाच वर्षं घालवली आहेत. तळहाताएवढा तुकडा उत्तम चालायचा. हा दारापुरता मोठा कसा करायचा, असं विचारलं की गाईडचं उत्तर ठरलेलं, "तो पेपरचा विषय नाही." दोन पेपर आले, पदवी मिळाली, तुकडे ड्रॉवरमध्ये राहिले. पाण्याचा प्रश्न होता तिथेच आहे.

अर्धविराम
बॅटरीच्या गोष्टीतला मधला दुवा तुम्ही गाळलात. १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड शोधला तो गुडइनफ यांच्या चमूने, ऑक्सफर्ड विद्यापीठात. योशिनो यांनी तोच वापरला.

ऑक्सफर्डचीच आणखी एक गोष्ट. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन पाहिलं १९२८ मध्ये, पण त्याचं औषध करायला फ्लोरी, चेन आणि हीटली १९३९ मध्ये बसले. युद्धामुळे भांडी मिळेनात, तेव्हा हीटलींनी बुरशी वाढवायला चक्क रुग्णालयातली बेडपॅन वापरली. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलिसाला इंजेक्शनं सुरू झाली. औषध इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच द्यायचे. ताप उतरला, तो जेवायला लागला. मग साठा संपला. आता सांगा, बेडपॅनमध्ये बुरशी वाढवणाऱ्या माणसांना "पेपर छापणारे" म्हणाल?

खडा_सवाल
नाही म्हणणार. पण शेवटही सांगा ना. मार्चमध्ये तो पोलीस गेला. शोध असूनही औषध पुरलं नाही! ते ढिगाने निघालं अमेरिकेत, पिओरियाची सरकारी प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या कामाला लागल्यावर. माझं दुखणं हेच आहे: तळहातापासून दारापर्यंतचं अंतर विद्यापीठ आपलं मानत नाही.

शिवाय त्यांना आपली माणसं तरी कुठे ओळखता येतात? एमआरएनए या रेणूपासून औषधं करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना ग्रँट मिळेनात म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५ मध्ये खालच्या पदावर आणलं. त्यांच्या त्याच कामावर कोविडच्या लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल आलं.

रानजाई
कारिकोंबद्दल एकदम मान्य. वाचताना आजही राग येतो. पण त्यांची आणि नोबेलमधले त्यांचे जोडीदार वाइसमन यांची ओळख झाली त्याच विद्यापीठात, झेरॉक्स मशीनपाशी. बाहेरून दिलेल्या आरएनएवर शरीर तुटून पडू नये म्हणून त्यात कुठला बदल करायचा, हे दोघांनी २००५ मध्ये तिथेच दाखवलं. तेव्हा कोविडचं नावही नव्हतं. पैसा कमी करून असं काम वाढणार नाही. माणसाची किंमत ग्रँटवरून ठरवणं आधी थांबवा.

ओलीमाती
दोघांच्या मधलं एक उदाहरण देते. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियमही ओढलं जातं, हे रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलं. तेव्हा ते निव्वळ पुस्तकी वाटलं असेल. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून तेच पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. मिठाच्या पाण्यात कुठल्या कंपनीने पैसा घातला असता?

खडा_सवाल
हे उदाहरण मला खोडता येत नाही. पण तिथे शोध आणि छावणी यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस विद्यापीठाचाच होता. आमच्याकडे तो कुणीच नव्हता, आणि मीही तो झालो नाही.

रानजाई, तुम्ही कुठल्या लॅबमध्ये असाल किंवा कुणाला ओळखत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मेम्ब्रेनची पूर्ण कृती माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. फाइल आज रात्री पाठवतो.