प्रतिसाद: दुसरी फायर गाडी घ्या, पण

वर कुणीतरी म्हटलंय की नगरपरिषदेकडे एकच बंब आहे, दुसरा घेतला की प्रश्न सुटेल. दुसरा हवाच, त्यात वाद नाही, पण बंब यायच्या आधीची दहा मिनिटं इमारतीतल्या आग विझवायच्या सामानावरच काढायची असतात आणि त्याचं काय चाललंय हे कुणी बघतच नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आहे, मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाला द्यायचं.

मागच्या महिन्यात एका मंगल कार्यालयात जेवायला गेलो होतो, पंगतीमागे भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर, दाबाचा काटा पार तळाला, टॅगवरची तारीख उन्हाने उडालेली आणि खाली खुर्च्यांची थप्पी लावलेली, म्हणजे काढायचा म्हटला तरी हात पोचणार नाही. आणि तिथेच शेजारी गॅसच्या भट्ट्या पेटलेल्या! त्यामुळे कुठेही गेलात की तो काटा हिरव्यात आहे का एवढं बघाच (कार्बन डायऑक्साइडवाल्याला काटा नसतो, तो वजनावर तपासतात). आणि वॉर्डातल्या हॉल, क्लासेस, हॉस्पिटलांचे जुलैचे फॉर्म बी आले का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे, मी या आठवड्यात टाकतोय, अजून कुणी आपापल्या वॉर्डाचा टाकणार असेल तर सांगा.