मदत हवी आहे: रेशीम अळ्यांना प्रोबायोटिक कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. इंदूरजवळ आमची तुती आहे, संगोपन आई आणि मी बघतो. उन्हाळ्याच्या बॅचला पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत अळ्या मलूल पडतात. पान तसंच राहतं, विष्ठा पातळ, हात लावला की अंग लिबलिबीत. फ्लॅचरीच (अळ्यांच्या आतड्याचा रोग) असावी. एकूण पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त याच अवस्थेत लागतो, म्हणून जीव फार तुटतो.

प्रोबायोटिक म्हणून लॅक्टोबॅसिलस (दह्यात असतात तसले उपयोगी जिवाणू) किंवा यीस्ट पाण्यात कालवून पानांवर फवारतात. पण लिटरला किती? तिसऱ्या अवस्थेपासून द्यावं की चौथी कात टाकल्यावर? ओलं पान टाकायला आई तयार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मग पान किती वेळ सुकवता? कातेच्या वेळी चुना धुरळतो, त्याने हे जिवाणू मरतात का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कोषाच्या वजनात फरक पडला का, तेही सांगा.