पासवर्ड लांबलचक असला तरी डब्ल्यूपीएस तपासा

'पासवर्ड वीस अक्षरांचा ठेवला की घरचं वायफाय सुरक्षित' हे मत अर्धंच पटलं. पासवर्ड लांब हवाच, पण राउटरमध्ये डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचा, पिन चालू असेल तर घुसणारा त्या वीस अक्षरांना हातही लावत नाही. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागची कडी उघडी, असा तो प्रकार. पिन आठ आकडी, म्हणजे वरकरणी १० कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यातून राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार आकडे चुकले की तसं लगेच कळतं. म्हणून १०,००० अधिक १,०००, एवढेच प्रयत्न पुरतात. एकाला तीन सेकंद धरले तरी नऊ-साडेनऊ तास! सुरक्षा-संशोधक स्टीफन फीबॉक यांनी हे डिसेंबर २०११ मध्येच जाहीर केलं होतं. नंतरच्या बऱ्याच राउटरांत काही चुकांनंतर पिन गोठवतात, पण जुने डबे अजून घरोघरी आहेतच.

मागच्या दिवाळीत बाबांचा राउटर उघडून पाहिला. पासवर्ड मीच दोनदा बदललेला, आणि पिन मात्र खाली चिकटवलेल्या कागदावरचाच, चालू. पिन ज्याच्या हाती लागला त्याला राउटर नवा पासवर्डही मुकाट्याने देतो, म्हणजे माझी दोन्ही वेळची मेहनत फुकट. बंद करून टाकलं. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ते असू द्या, नडत नाही."