क्लस्टर हेडेक: घरी ऑक्सिजनची सोय कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. राहायला सांगलीत, वय चौतीस. त्याला क्लस्टर हेडेक असल्याचं निदान मिरजेच्या एका न्यूरॉलॉजिस्टनी नुकतंच केलं. त्याआधी काही वर्षं हे दुखणं कधी सायनस तर कधी अर्धशिशी म्हणून चाललं होतं, आणि त्या फेऱ्यात एक चांगली दाढही काढली गेली.

पावसाळा सरताना सुरू होतं, दीड-दोन महिने रोज छळतं आणि आपोआप थांबतं. मग वर्षभर काही नाही. दुखतं ते कायम उजव्या डोळ्यामागेच. झोप लागून तासभर होतो न होतो तोच कळ येते, गजर लावल्यासारखी. डोळा लाल होतो, पाणी वाहतं, पापणी उतरते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो, पण याला एका जागी बसवतच नाही. गच्चीवर येरझारा घालतो, भिंतीला कपाळ दाबून धरतो. तासाभरात ओसरतं, पहाटे पुन्हा. आईला हे बघवत नाही.

एमआरआय नॉर्मल आहे. अटॅक येऊ नयेत म्हणून वेरापामिल हे औषध सुरू झालंय, त्याआधी ईसीजी काढला आणि डोस वाढवताना पुन्हा काढायचाय. ते लागू पडेपर्यंत थोड्या दिवसांचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आहे. अटॅक आला की मास्कने शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, असं लिहून दिलंय.

अडचण इथेच आहे. घरात कोविडच्या वेळचं मिनिटाला ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) पडून होतं. नाकात नळ्या घालून त्याने ते लावून पाहिलं, काडीचाही फरक नाही. आता तो म्हणतो, ऑक्सिजनचा उपयोग नसतो. मला हे पटत नाही. २००९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन दिल्यावर ७८ टक्के अटॅक १५ मिनिटांत थांबले किंवा पुरेसा आराम पडला, नुसत्या हवेने फक्त २० टक्के. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला उपाय आमच्या घरात अजून झालेलाच नाही.

सिलिंडर कोणता घ्यावा? किती पुरतो? मास्क कसला? घरात वयस्कर आईवडील आहेत, भाऊ सिगरेट ओढतो, तर काय जपावं? सुंठीचा लेप आणि नाकात तूप करून झालंय, कृपया ते सुचवू नका. खूप रात्री गेल्या आहेत.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः याच दुखण्याचा रुग्ण आहे. भावाला सांगा, हार मानू नको. नाकातल्या नळीने ५ लिटर घेतला की त्यात खोलीतली हवा मिसळते, शुद्ध ऑक्सिजन मिळतच नाही. नॉन-रिब्रीदर म्हणजे खाली पिशवी असलेला मास्क मागा. आधी पिशवी पूर्ण फुगू द्यायची, मग मास्क चेहऱ्याला घट्ट बसवायचा. फ्लोमीटर (मिनिटाला किती ऑक्सिजन सुटतो ते दाखवणारा) १५ लिटरपर्यंतचा आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.

बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर मावतो. १२ लिटरने १५ मिनिटं म्हणजे एका अटॅकला १८० लिटर. कागदावर आठ अटॅक निघतात, मी सहा-सातच धरतो. रोज दोन अटॅक असतील तर तीन-चार दिवसांत रिकामा. म्हणून दोन ठेवा, एक भरायला गेला तरी दुसरा घरात हवा. जंबो ७००० लिटरचा असतो, पण जिन्यावरून न्यायला फार जड.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. कळ नुसती चाहूल देते तेव्हाच मास्क लावायचा. जोर धरल्यावर लावला तर मलाही कमी गुण येतो. सिलिंडर उशाशीच ठेवा. आणि हे दिवस चालू असेपर्यंत दारूचा थेंबही नको, माझा अटॅक तासाभरात उठतो. एरवी प्यायलो तर काही होत नाही, म्हणून लोकांना खरं वाटत नाही.

प्रतिसाद

मी नर्स आहे, सुरक्षिततेपुरतं लिहिते. सिलिंडर असलेल्या खोलीत सिगरेट, उदबत्ती, निरांजन काहीही नको. मास्क काढल्यावरही कपड्यांत ऑक्सिजन राहतो, लगेच काडी ओढायची नाही. व्हॉल्व्हला तेल, तूप, व्हॅसलीन लागलेला हात लावू नका. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा.

अटॅक थांबवणाऱ्या सुमाट्रिप्टानच्या ६ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ते कातडीखाली घेतात आणि चटकन काम करतं. साध्या वेदनाशामक गोळीचा असर होईपर्यंत अटॅक ओसरलेला असतो. मात्र हृदयविकार असेल तर ते इंजेक्शन चालत नाही, आणि भाऊ सिगरेट ओढतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेरापामिलने बद्धकोष्ठ होतो, नाडी मंदावू शकते. चक्कर आली तर थांबू नका, फोन करा.

एक विचारते, रागावू नका. या दुखण्यात माणसाच्या मनात जगणं नको असे विचार येतात. भावाला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तो घरात सगळ्यांकडे असू द्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच त्याच्याशी बोलले. तुम्ही म्हणालात तसं सरळ विचारलं, आणि तो बराच वेळ बोलला. येत्या तपासणीला मी सोबत जाणार आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिटर, मिनिटं आणि मास्कचा प्रकार लिहून घेते, इंजेक्शनचंही विचारते. सांगली-मिरज भागात बी टाइप सिलिंडर घरपोच देणारं आणि रात्री फोन उचलणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.