जेईईला कॉम्प्युटर मध्येच बंद पडला, आता सीईटीचं केंद्र कुठलं मागू? धुळे, जळगाव की नाशिक? मदत हवी आहे

पपईवाला_शहादा

नमस्कार मंडळी. मी शहादा तालुक्यातला शेतकरी. पपई आणि थोडी केळी आहे. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप. जानेवारीत तिने जेईई मेन दिली, त्याबद्दल विचारायचं आहे. केंद्र एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. नाव लिहीत नाही, उगीच वाद नको.

सकाळची शिफ्ट होती. नऊचा पेपर आणि साडेआठला गेट बंद. शहाद्याहून पहाटेची एसटी धरून ते जमणार नव्हतं, म्हणून आदल्या रात्रीच गेलो आणि लॉजवर राहिलो. इथवर सगळं ठीक झालं. पेपर निम्मा झाला आणि हिचा स्क्रीन गोठला. माऊस हलतोय, पण काही क्लिक होत नाही. हात वर केला तर तिथले सर म्हणाले, "थांब, होईल सुरू," आणि पुढच्या रांगेत निघून गेले. मग कोणीतरी येऊन मशीन बंद-चालू केलं. पुन्हा लॉगिन झालं, आधीची उत्तरं दिसत होती. पण मधला वेळ परत मिळाला की गेला ते तिला सांगता येत नाही. घाबरलेल्या पोरीने घड्याळ कुठून बघायचं? शेजारचा मुलगा अंकी उत्तर भरायला कीबोर्ड बडवत होता, त्याचं तर लॉकच झालं म्हणे.

बाहेर आली तेव्हा तोंड एवढंसं. "काय व्हयनं वं?" म्हटलं तर रडायलाच लागली. तेव्हापासून एकच धोशा आहे: कागदावरची परीक्षा असेल तर देईन, कॉम्प्युटरची नको. आता सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचाय. तिची आई म्हणते नाशिक टाका, मामा तिथे आहे, मोठ्या शहरात मशीन चांगली असतात. मला वाटतं उन्हाळ्यात एवढा प्रवास करून पोरगी पेपरला बसणार कशी? धुळ्याची किंवा जळगावची केंद्रं कशी आहेत? असं पुन्हा झालं तर तिने तिथल्या तिथे नेमकं काय करायचं? वेळ परत मिळतो का? ज्यांची मुलं बसून आली आहेत त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही सांगा.

लॅबवाला_जळगाव

दादा, मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे आणि अशा परीक्षांच्या दिवशी तांत्रिक मदतीला असतो. त्यामुळे आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ परत मिळतो, आणि तो कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. जेईईच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की मशीन किंवा माऊस बिघडला तर लगेच दुसरा कॉम्प्युटर द्यायचा आणि गेलेला वेळ सर्व्हरवर जुळवून द्यायचा. उमेदवाराचं घड्याळ त्याच्या लॉगिनशी जोडलेलं असतं, त्या मशीनशी नाही. म्हणून मुलीला एक सवय लावा. स्क्रीन अडकला की उरलेला वेळ किती दिसतोय तो आकडा आधी रफ कागदावर लिहायचा आणि मग हात वर करायचा. पुन्हा लॉगिन झाल्यावर आकडा जुळवायचा. कमी दिसला तर उत्तर लिहायला लागायचंच नाही, आधी सांगायचं. "सर, माझे सात मिनिटं गेले" असं आकड्यासकट सांगणाऱ्या मुलाकडे सगळे लक्ष देतात. "सर, कॉम्प्युटर चालत नाही" हे आम्ही दिवसभर ऐकतो, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले निम्मे निव्वळ घाबरलेले असतात. त्यामुळे खरी अडचणसुद्धा कधीकधी "होईल सुरू" मध्ये निघून जाते. तुमच्या पोरीचं तेच झालं असणार.

ते सर ऐकत नसतील तर "केंद्रप्रमुखांना बोलवा" म्हणायचं. उद्धटपणे नको, पण स्पष्ट. आणि आपल्या मशीनला असं झालं होतं याची नोंद लिहून घ्यायला सांगायचं. बाहेर येऊन पालकांनी गेटवरच्या वॉचमनशी भांडून काही होत नाही, मी दर वर्षी बघतो.

दुसरी गोष्ट, पर्यायावर टिचकी मारली म्हणजे उत्तर जमा झालं असं नाही. "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबल्यावरच ते सर्व्हरवर जातं. उजवीकडच्या प्रश्नांच्या आकड्यावर क्लिक करून पुढे उडी मारली तर आधीचं उत्तर राहत नाही. मशीन बंद पडल्यावर "माझी उत्तरं गेली" म्हणून जी रडारड होते, त्यात बऱ्याचदा सेव्हच केलेलं नसतं. कीबोर्डला हातच लावू नको म्हणा. अंकी उत्तर स्क्रीनवरच्या आकड्यांनी, माऊसनेच भरायचं असतं.

केंद्राचं म्हणाल तर शहर आपण मागायचं, कॉलेज ते देणार. धुळं मागा, जळगाव मागा, लॅब नवी मिळेल की दहा वर्षांपूर्वीची, हे हॉलतिकीट येईपर्यंत कुणालाच कळत नाही. नाशिकलाही तेच. तेव्हा मशीनसाठी नाशिक धरू नका.

देवपूरची_पोरगी

माझं अगदी असंच झालं होतं, पण शेवट चांगला झाला म्हणून सांगते. सीईटीला धुळ्याचंच केंद्र होतं, शहराबाहेर. फिजिक्स-केमिस्ट्री चालू असताना माझा माऊस एका टिचकीला दोनदा उठायला लागला, पर्याय निवडला की आपोआप निघून जायचा. मॅडमनी बघितलं, स्वतः दोनदा क्लिक करून खात्री केली आणि मला सरळ मागच्या रांगेत रिकाम्या मशीनवर बसवलं. बसल्यावर म्हणाल्या, "पाणी पी, वेळ तुझाच आहे." घड्याळ खरंच जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं.

काका, सीईटी जेईईपेक्षा वेगळी आहे हे तिला समजावा, अर्धी भीती तिथेच जाईल. एकूण तीन तास, त्याचे दोन भाग असतात. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, एकेक गुणाचे. ती संपली की तो भाग बंद, मग ९० मिनिटं गणिताचे ५० प्रश्न, दोन-दोन गुणांचे. परत मागे जाता येत नाही. म्हणून केमिस्ट्री झटपट उरकून फिजिक्सला वेळ ठेवायचा. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही! शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिकमार्क करून सेव्ह करायचं. जेईईच्या सवयीने मुलं सोडून येतात आणि नंतर हळहळतात.

मी सराव गावातल्या एमएस-सीआयटीच्या सेंटरवर केला. घरी फक्त मोबाईल होता. सेंटरवाल्या दादांना सांगून दुपारी रिकाम्या वेळी जायचे आणि मुद्दाम सगळ्यात खराब माऊस मागायचे 😄 सीईटी सेलच्या साइटवर सरावाचा पेपर असतो, त्यात पडदा हुबेहूब तसाच दिसतो.

चोपड्याची_ताई

भाऊ, मशीनचं वरच्यांनी सांगितलं, मी बाहेरचं सांगते, कारण बाहेर आम्हीच बसतो.

माझ्या मुलाला जळगावात बांभोरीच्या बाजूचं केंद्र आलं होतं. नकाशात जवळ दिसतं, पण गिरणेच्या पुलावर ट्रकची रांग लागली की हलता येत नाही. आमची दुपारची शिफ्ट होती म्हणून निभावलं. पोहोचलो तर गेटबाहेर एक निंबाचं झाड आणि त्याखाली शंभरेक माणसं. बॅगा ठेवायला जागा नाही. एका टपरीवाल्याने बॅगा ठेवायचे पैसे घेतले, मोबाईलचे वेगळे. ४४ डिग्रीत तीन तास. एका बाईला चक्कर आली.

पुढच्या वर्षी पुतणीला घेऊन धुळ्याला गेले, तिथे उलट. कॉलेजने मांडव टाकलेला, थंड पाण्याचे जार, पोरांसाठी बॅगांची खोली, आणि शिपाईदादा एकेकाला विचारत होते, "ओळखपत्राची ओरिजिनल आणली ना?" सरकार तेच, परीक्षा तीच. सगळं त्या कॉलेजच्या माणसांवर असतं.

आणखी एक. आखाजी (अक्षय तृतीया) नेमकी याच दिवसांत येते. पोरीबाळी माहेरी येतात, झोके, मेंदी, सगळं. पुतणीने कोपरापर्यंत मेंदी काढली आणि केंद्रावर अंगठा लागेना. मग दुसरं बोट, मग तिसरं. लागलं शेवटी, पण रांगेतले मागून ओरडत होते. तुमच्याकडे पपई आहे ना, चिकाने बोटांची सालं निघतात. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस तिला तोडणीला नेऊ नका. एसटीचं अर्धं तिकीट आहे बायकांना, आईलाच पाठवा सोबत, तुम्ही पिकाकडे बघा.

फापटपसारा

काही उपयोग नाही. सगळी सेंटरं मॅनेज असतात. पैसेवाल्यांची पोरं पुढे जातात, आपण नुसते धागे काढायचे.

लॅबवाला_जळगाव

@फापटपसारा पुरावा असेल तर पोलिसात द्या. नसेल तर त्या पोरीला अजून घाबरवू नका.

अमळनेर_एक्सप्रेस

वेळेबद्दल एक भर घालतो, कारण "नंतर तक्रार करू" म्हणणारे फार असतात. २०२४ च्या नीटमध्ये काही केंद्रांवर मुलांचा वेळ वाया गेला, म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्या मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. २०२५ ला इंदूरकडे वादळात वीज गेली. ती मुलंही कोर्टात गेली, एका न्यायाधीशांनी फेरपरीक्षा द्या म्हटलं, मग खंडपीठाने तो आदेश फिरवला. म्हणजे नंतर मिळण्याचा भरवसा नाही. खुर्चीवर असतानाच वेळ मागून घ्या.

प्रश्नच चुकीचा असेल तर गोष्ट वेगळी. सीईटीत २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या २१ प्रश्नांत घोळ निघाला, मुलांनी आरडाओरड केली आणि ५ मेला त्या शिफ्टची फेरपरीक्षा झाली. एखाद-दुसऱ्या प्रश्नाला उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येते, पण सीईटीला एका प्रश्नाचे १००० रुपये पडतात. जेईईला २००. खात्री असेल तरच खर्च करा.

पपईवाला_शहादा

सगळ्यांचे आभार. लॅबवाल्या दादांचं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. आकडा रफ कागदावर लिहायचं तिला पटलं. म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नाही." उद्या एमएस-सीआयटीवाल्याकडे घेऊन जातो. तोडणी बंद, ताई. तसंही ती कामाला येण्यापेक्षा फोटोच जास्त काढते.

नाशिक रद्द. धुळं पहिलं टाकतोय, जळगाव दुसरं, नंदुरबार तिसरं. नंदुरबार आम्हाला सगळ्यात जवळ, मग पहिलं का नाही असं तिची आई विचारतेय. कुणाला तिथला अनुभव आहे का? आणि धुळ्यात सकाळची शिफ्ट आली तर राहायला कुठे बरं पडेल?

देवपूरची_पोरगी

नंदुरबार पहिलं टाका ना काका! माझी मैत्रीण तळोद्याची, तिने तिथेच दिली. केंद्र लहान, गर्दी कमी, घरून डबा खाऊन गेली आणि रात्री घरी. घरची झोप मिळते, ती कुठल्याच लॉजवर मिळत नाही.

धुळं आलंच तर स्टँडजवळ लॉज घेऊ नका, रात्रभर हॉर्न. साक्री रोडला किंवा देवपुरात बघा. पण आधी हॉलतिकीट येऊ द्या. केंद्र नगावच्या बाजूला आलं तर देवपूर सोयीचं, पारोळा रोडला आलं तर गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. आदल्या संध्याकाळी रिक्षाने एकदा गेटपर्यंत जाऊन या आणि त्याच रिक्षावाल्याला सकाळचं सांगून ठेवा. भाडं तेव्हाच ठरवा, परीक्षेच्या दिवशी सकाळी ते मनाला येईल तो आकडा सांगतात.

चोपड्याची_ताई

आणि मायलेकी दोघीच येणार असतील तर मला इथे मेसेज करा. माझी नणंद देवपुरातच राहते.