पांढरा पट्टा दिसला म्हणून फुलपाखराचं नाव पक्कं करू नका
भाऊ, तुमच्या भाच्यानं कोस्टा रिकाच्या मॉन्टेव्हर्देहून पाठवलेला काचपंखी फुलपाखराचा फोटो तुम्ही इथं टाकून नाव विचारलंत. त्यात पुढच्या पंखाच्या टोकाकडं पांढरा पट्टा दिसतो, त्यामुळं वरच्या उत्तरांत सगळे ग्रेटा ओटोच (म्हणजे ग्लासविंग ही जात) म्हणून राह्यले, असेलही, पण त्या ढगाळ जंगलात काचपंखी फुलपाखरांच्या कित्येक जाती एकमेकींसारख्याच दिसतात बापा. खरी ओळख मागच्या पंखाच्या शिरांत असते, म्हणून पंख मिटलेला, बाजूनं काढलेला क्लोज-अप मागवा. आन पाय मोजायला सांगा! चारच पायांवर उभं असन तर बहुधा इथोमिनी गटातलं, म्हणजे ग्रेटा ओटो ज्यात येते त्या गटातलं, सहावर असन तर बहुधा पिअरिडी कुळातलं, त्यांची नक्कल करणारं, म्हणजे आपल्या कोबीवरच्या पांढऱ्याचं नातलग. मागच्या पंखाच्या वरच्या कडेला लांब केसांचा झुपका असला तर नर समजा. हे नर सुकलेल्या हेलिओट्रोपच्या झाडावर अल्कलॉइड (झाडातलं कडू रसायन) चोखाले येतात, आपल्याकडं धुऱ्यावरच्या वाळक्या खुळखुळ्यावर ब्लू टायगर फुलपाखरं लोंबतात ना, सेम तोच प्रकार.

बाकी मेळघाटात ग्लासविंग पाह्यल्याचं वर एकानं जे लिहिलंय ते काही पटत नाही, ही जात उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांतलीच. मेळघाटात दिसलेलं ते फुलासमोर हवेत थांबून रस पेत असन तर तो बहुधा काचपंखी हॉकमॉथ, म्हणजे पतंग. त्याचा फोटो टाका न राजेहो.